सिस्टिम नावाचा कर्मचारी

बुऱ्हाणपुरात कॉम्प्युटर दुरुस्त करण्यात माझी वीसेक वर्षं गेली. दुरुस्त करण्यात हे सवयीनं लिहिलं. खरं म्हणजे त्यातला निम्मा वेळ माणसांचं ऐकून घेण्यात गेला. मशीन आपल्याला काय होतंय ते दोन मिनिटांत सांगून टाकतं. माणूस आधी सांगतो की त्यानं काहीही केलेलं नाही. मग सांगतो की हे मशीन घेतानाच मेहुण्यानं नको म्हटलं होतं. दुखण्याचा विषय निघतो तो चहा आल्यावरच.

शिक्षणानं मी इतिहासाचा एम.ए. त्या पदवीनं नोकरी मिळाली नाही, पण दोन गोष्टी अंगात भिनल्या. एक, सांगणाऱ्याच्या सांगण्यापेक्षा कागदावरच्या तारखेवर जास्त भरवसा ठेवायचा. दुसरी या गावात राहून आपोआपच येते. जिथे बादशहांच्या महालांत आता पारवे संसार करतात, तिथे कुणाच्या मोठेपणानं फार दिपून जायला होत नाही. पुढे ज्यांची गोष्ट येईल त्या अध्यक्षांसमोर जाताना या दुसऱ्या गोष्टीचा मला फार उपयोग झाला.

माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींत सगळ्यात जास्त तक्रार एकच: पासवर्ड टाकतो, पण मशीन आत घेत नाही. यातले बहुतेक लोक पासवर्ड चुकवत असतात आणि ते त्यांना सभ्यपणे सांगणं हा आमच्या धंद्यातला अवघड भाग आहे. पण काही वेळा पासवर्ड अगदी बरोबर असतो. पडद्यावर स्वागताचा शब्द उमटतो, गोल चक्र फिरतं, आणि मग तुमचं प्रोफाइल उघडता येत नाही असं सांगून मशीन तुम्हाला पुन्हा दारात आणून सोडतं. पाहुण्याला हार घालून उंबऱ्यावरूनच परत पाठवावं, तसा प्रकार.

असं का होतं ते बाहेरच्यांसाठी थोडक्यात सांगतो. पासवर्डनं एवढंच ठरतं की तुम्ही कोण. कुठल्या फोल्डरमध्ये कुणी जायचं, कुणी नुसतं वाचायचं आणि कुणी खोडायचं, हे ठरवणारी यादी वेगळी असते, आणि ती प्रत्येक फोल्डरला चिकटवलेली असते. तुमच्या नावाचाही एक फोल्डर असतो. तुम्ही आत शिरण्याआधी मशीनला त्या फोल्डरमध्ये जाऊन दिवा लावावा लागतो, खुर्ची मांडावी लागते, तुमच्या नातवाचा फोटो भिंतीवर टांगावा लागतो. ही कामं करणाऱ्याचं नाव त्या यादीत ‘सिस्टिम’ असं लिहिलेलं असतं. तो कुणी माणूस नव्हे, मशीन स्वतःच. त्याचं नाव यादीतून गेलं की तो खोलीबाहेर उभा, म्हणून तुम्हीही बाहेर उभे.

या यादीच्या बाबतीत गिऱ्हाइकांच्या दोन जाती मी पाहिल्या. उदार आणि संशयी. जवळच्या दापोरा गावच्या एका केळीच्या व्यापाऱ्यांनी मोठ्या मनानं सगळ्या फोल्डरांत सगळ्यांना सगळे अधिकार देऊन टाकले होते. आपल्याकडे लपवण्यासारखं आहेच काय, असं ते म्हणत. पुढे एका ट्रक ड्रायव्हरनं भाच्याच्या लग्नाचे फोटो ठेवायला जागा कमी पडते म्हणून रवाना होणाऱ्या केळीच्या गाड्यांची अख्खी यादी पुसली. व्यापारी त्याला रागावले नाहीत. फोटो चांगले आले होते, असं मला म्हणाले.

संशयी माणसांचा एक किस्सा मात्र सविस्तर सांगायला हवा, कारण त्यात माझाही हात आहे.

गावातल्या एका शिक्षण संस्थेच्या कार्यालयातली मशिनं माझ्याकडे देखभालीला होती. कार्यालयात माणसं तीन. अध्यक्षसाहेब काचेच्या केबिनमध्ये बसत. बाहेरच्या मोठ्या टेबलाशी बडे बाबू. हेडक्लार्कला आमच्याकडे बडे बाबूच म्हणतात, त्यांचं नाव महाजन होतं हे मला बऱ्याच वर्षांनी कळलं. आणि कोपऱ्यात कॉम्प्युटरपाशी ज्योती. ती दापोऱ्याहून रोज बसनं यायची, ऑपरेटर म्हणून कंत्राटावर होती. कंत्राट दर अकरा महिन्यांनी नवं व्हायचं, म्हणजे मधला एक महिना तिला देवाचं नाव घेत काढावा लागे. मशीन मुख्यतः ती चालवायची. बडे बाबू दुपारी तिला उठवून अर्धा तास स्वतः बसत आणि शिक्षकांचे गोपनीय अहवाल पाहत. दोघांचं लॉगिन एकच होतं, ‘ऑफिस’ या नावाचं.

एका सकाळी अध्यक्षांचा फोन आला. त्यांना फोनवर नमस्कार करायची सवय नव्हती.

“मशीन बंद पाडलंय. लगेच या.”

बंद पडलंय आणि बंद पाडलंय यांत फरक असतो. मी स्कूटर काढली.

कार्यालयात पोचलो तेव्हा तिथे सुतकी शांतता होती. दुसऱ्या दिवशी अध्यक्षसाहेबांच्या एकसष्टीचा सोहळा होता. मंडप पडला होता, हारांची ऑर्डर गेली होती, आणि संस्थेतर्फे साहेबांना द्यायचं मानपत्र त्या मशीनमध्ये अडकलं होतं. हे मानपत्र साहेबांनी स्वतःच सांगून लिहून घेतलं होतं. स्वतःविषयी तृतीयपुरुषी बोलताना त्यांना जराही अडखळायला होत नव्हतं, असं ज्योतीनं मला नंतर सांगितलं. त्याचे सात खर्डे झाले होते. सहाव्यात ‘ज्ञानमहर्षी’ होतं, ते सातव्यात ‘ज्ञानभगीरथ’ झालं होतं.

ज्योतीनं माझ्यासमोर पासवर्ड टाकला. स्वागत झालं, चक्र फिरलं, आणि आम्ही पुन्हा दारात.

“काल संध्याकाळी बंद केलं तोपर्यंत ठीक चालत होतं सर,” ती म्हणाली. “पासवर्ड तोच आहे. मी काही चेंज केला नाही.”

केबिनच्या दारातून आवाज आला. “काल सुट्टी नामंजूर केली आणि आज मशीन बंद. हा योगायोग आहे का?”

भानगड तिथे होती. ज्योतीच्या बहिणीची सोयरीक सोहळ्याच्याच दिवशी इच्छापूरला ठरायची होती आणि तिनं एका दिवसाची रजा मागितली होती. सोहळ्याच्या दिवशी कुणालाही रजा नाही, असं उत्तर आलं. ती मुकाट्यानं जागेवर जाऊन बसली होती. आता त्या मुकाट्यानं बसण्याचाच पुरावा झाला होता. तिचं कंत्राट त्याच महिन्याच्या अखेरीला संपत होतं. ते पुन्हा करायचं की नाही हे साहेबांच्या एका सहीवर होतं, आणि साहेबांच्या चेहऱ्याकडे पाहून सही कुठल्या कागदावर होणार ते कळत होतं.

मी माझ्या वेगळ्या लॉगिननं आत गेलो. असं एक लॉगिन आम्ही प्रत्येक मशीनवर राखून ठेवतो, कारण पुढच्या दारावरचा आमचा विश्वास केव्हाच उडालेला असतो. ‘ऑफिस’चा फोल्डर उघडायला गेलो, तर मशीननं मलाही नाही म्हटलं. हे जरा नवल होतं. यादी काढून पाहिली. त्यात फक्त एक नाव होतं, ऑफिस. सिस्टिम गायब, आणि ॲडमिनिस्ट्रेटर्स, म्हणजे आम्ही देखभालवाले ज्या गटात येतो तो गटही गायब.

ती दोन नावं आपोआप जात नाहीत. आणि मला पंधरा दिवसांपूर्वीची दुपार आठवली.

त्या दुपारी बडे बाबूंनी मला विचारलं होतं की त्यांचे गोपनीय कागद आणखी कोण पाहू शकतं. एखादा गवई मैफलीत फर्माईश आल्यावर जसा सरसावून बसतो, तसा मी सरसावलो. फोल्डरवर उजवं बटण दाबून यादी काढून दाखवली. ज्याचं नाव इथे, तो आत. नाव काढलं की बाहेर. इतकं सोपं आहे बडे बाबू, असं वर म्हणालो. सिस्टिम कोण आणि त्याला का हात लावायचा नाही, ते सांगायचं राहिलं. राहिलं म्हणजे काय, त्यांनी विचारलं नाही आणि मला दुसऱ्या ठिकाणी जायचं होतं.

म्हणजे कुणी केलं ते मला कळलं होतं आणि कुणाच्या शिकवणीनं तेही. बडे बाबूंकडे पाहिलं, तर ते शांतपणे पत्रांवर जावक क्रमांक टाकत होते. या दोन नावांचा आणि बंद पडलेल्या मशीनचा काही संबंध असेल, हे त्यांच्या गावीही नव्हतं. नावं काल दुपारी निघाली, मशीन सुरू असेपर्यंत काही बिघडलं नाही, आणि सकाळी पहिल्यांदा बटण दाबणारी ज्योती होती. या दुखण्याचा स्वभावच असा आहे. करतो एक आणि दारात सापडतो दुसराच.

अध्यक्ष मागे येऊन उभे राहिले. “काय निघालं?”

आमच्या धंद्यात अशा वेळेसाठी एक शब्द आहे. व्हायरस. वीस वर्षांत या शब्दानं मला किती घरं, किती नोकऱ्या आणि एक लग्न वाचवता आलं, ते सांगता येणार नाही. व्हायरस म्हटलं की कुणाचीच चूक नसते. गिऱ्हाईक मान डोलावतं, फार वाईट व्हायरस आलाय हल्ली म्हणतं, आणि सगळे चहा पितात.

“व्हायरस,” मी म्हणालो.

साहेबांनी मान डोलावली नाही. “तो येतो कुठून?”

“साधारणपणे पेन ड्राइव्हमधून,” मी म्हणालो, आणि म्हणता म्हणता जीभ चावली.

पेन ड्राइव्ह त्या कार्यालयात एकाच माणसाकडे होता. तो ज्योतीच्या गळ्यात, ओळखपत्राच्या दोरीला अडकवलेला होता. वेगवेगळ्या शाळांचे पेपर आणायला संस्थेनंच तो तिला दिला होता. साहेबांनी त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि केबिनमध्ये गेले. काचेतून दिसत होतं, ते हातानं काही लिहीत होते. बाहेर आले तेव्हा हातात कागद होता. ‘हेतुपुरस्सर हानी’, ‘संस्थेच्या प्रतिष्ठेस बाधा’, ‘सेवा तत्काळ समाप्त’, असा मजकूर त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असा वाचला. मानपत्रासारखाच, फक्त उलट दिशेनं.

“मशीन सुरू झालं की आधी हे टाईप करून द्या,” ते म्हणाले आणि कागद ज्योतीच्या टेबलावर ठेवला. टाईप करणारं दुसरं कुणी कार्यालयात नाही, हे ठेवल्यावर त्यांच्या लक्षात आलं असावं. पण कागद परत उचलणं त्यांच्या मोठेपणात बसत नव्हतं.

ज्योतीनं तो वाचला. रडली वगैरे नाही. गळ्यातली दोरी काढली आणि पेन ड्राइव्ह त्या कागदावर ठेवला. मग माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही, पण पुरेसा.

मला ते सहन झालं नाही, असं लिहिलं तर माझी जरा बरी प्रतिमा होईल. खरं असं की मी आणखी एक-दोन मिनिटं कीबोर्डशी उगाच खटखट केली. मग म्हणालो, “साहेब, व्हायरस नाही. माझं चुकलं. फोल्डरच्या यादीतून दोन नावं कुणीतरी काढली आहेत, म्हणून मशीनला आत जाता येत नाही. पेन ड्राइव्हचा संबंध नाही.”

“कुणीतरी म्हणजे कोणी?”

इथे मी गप्प झालो. इतिहासाच्या विद्यार्थ्याला पुरावा हाताशी असताना गप्प बसायची परवानगी नसते, पण मी बसलो.

तेवढ्यात मोठ्या टेबलाकडून खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

“दोन नावं?” बडे बाबूंनी चष्मा कपाळावर चढवला. “सिस्टिम अन् ॲडमिनिस्ट्रेटर्स?”

“हो.”

“ते तर मी काढले. काल दुपारी. बाकायदा काढले, नोंद आहे.”

त्यांनी खणातून लांबट नोंदवही काढली आणि पान उघडून माझ्यापुढे ठेवली. गोल, टपोऱ्या अक्षरांत लिहिलं होतं की कार्यालयीन संगणकाच्या यादीत तीन नावे आढळली. पैकी ‘ऑफिस’ हे ओळखीचे. ‘सिस्टिम’ या नावाचा कोणीही कर्मचारी संस्थेच्या हजेरी रजिस्टरवर नाही, नियुक्ती आदेश आढळला नाही, सबब नाव कमी केले. खाली तारीख, वेळ आणि सही.

“आणि ॲडमिनिस्ट्रेटर्स?” मी विचारलं.

“प्रशासक केव्हा बसवतात? कार्यकारिणी बरखास्त झाल्यावर. आपली बरखास्त झाली का? अन् इथं तर एक नाही, अनेक लिहिलेले.” ते अध्यक्षांकडे वळले. “साहेब, तुमच्या वर कोणीतरी बसलेलं होतं. म्हणून मी काढून टाकलं.”

तीस वर्षं त्यांनी हेच केलं होतं. कोण निवृत्त झालं, कोण बदलून गेलं, कोण देवाघरी गेलं ते पाहून दर महिन्याला यादी स्वच्छ करायची. आदेश नसलेला माणूस त्यांच्या रजिस्टरवर एक दिवस टिकला नव्हता. मशीनमधली यादी ही त्यांच्या दृष्टीनं आणखी एक हजेरीपट होती, आणि त्यात दोन जण बिनआदेशाचे बसले होते.

मी त्यांना सिस्टिम कोण ते समजावून सांगितलं. दिवा, खुर्ची, सगळं. ते लक्ष देऊन ऐकत होते. ऐकता ऐकता चष्मा कपाळावरून नाकावर आला आणि मग हातात. “मतलब तो रोज कामावर येत होता,” ते हळू म्हणाले, “अन् मले दिसत नव्हता.”

“हो.”

“हे करायचं तुम्हाला शिकवलं कोणी?” साहेबांनी विचारलं.

बडे बाबूंनी माझ्याकडे पाहिलंही नाही. “यादीतलं नाव काढायला मले शिकवायला कोण लागतं साहेब?” ते म्हणाले.

मग ते उठून ज्योतीच्या टेबलाशी गेले. पेन ड्राइव्ह उचलून तिच्या हातात दिला. साहेबांच्या हातचा तो कागद उभ्या उभ्या पूर्ण वाचला, खिशातलं पेन काढलं, ज्योतीच्या नावावर एक सरळ रेघ मारली, वर स्वतःचं नाव लिहिलं, हुद्दा लिहिला आणि बाजूला छोटी सही केली.

“आता दुरुस्त आहे,” कागद साहेबांपुढे धरून ते म्हणाले. “मशीन सुरू झालं की टाईपला देतो. जावक नंबर टाकून ठेवू का?”

अध्यक्षसाहेबांची अवस्था पाहण्यासारखी होती. बडे बाबूंना काढलं तर उद्या सोहळ्याचं काय, परवा सरकारी पत्रांचं काय, आणि त्या कपाटात तीस वर्षांच्या कुठल्या कुठल्या नोंदी असतील ते एक देवच जाणे. त्यांनी कागद घेतला, चौपदरी घडी केली आणि शर्टाच्या खिशात ठेवला.

“राहू द्या,” ते म्हणाले. “मानपत्र निघतंय का तेवढं बघा.”

मशीन सुरू करायला अर्धा तास लागला. नावं सरळ परत टाकता येत नाहीत. आधी फोल्डरचा ताबा आपल्याकडे घ्यावा लागतो, मगच यादीला हात लावता येतो. जमिनीच्या भानगडीतही असंच असतं म्हणतात. मी दोन्ही नावं परत टाकली, ती आतल्या सगळ्या फायलींपर्यंत पोचेस्तोवर थांबलो, आणि ज्योतीला पासवर्ड टाकायला सांगितलं. स्वागत झालं, चक्र फिरलं, आणि इच्छादेवीच्या देवळाचा फोटो पडद्यावर आला. बडे बाबूंनी सुस्कारा सोडला. ज्योतीनं मानपत्राची प्रत काढून दिली. साहेबांनी ती तिथेच उभं राहून वाचली आणि ‘ज्ञानभगीरथ’ऐवजी पुन्हा ‘ज्ञानमहर्षी’ करायला सांगितलं. जाता जाता, तिच्याकडे न बघता, उद्या यायची गरज नाही असंही म्हणाले. ती रजा होती हे तिला आणि मला आधी कळलंच नाही. बडे बाबूंनी लगेच रजेचा अर्ज पुढे सरकवला, साहेबांचा विचार बदलायच्या आत.

महिनाअखेर तिचं कंत्राट नवं झालं. मधला महिनाही यावेळी घातला नाही.

पुढच्या फेरीला गेलो तेव्हा बडे बाबू जेवायला गेले होते. मी ज्योतीला म्हणालो की मला तुला एक सांगायचंय. बडे बाबूंना ती यादी मीच दाखवली होती.

“माहीत आहे ना सर,” ती म्हणाली. “तुम्ही त्यांना समजावत होता तेव्हा मी बाजूच्या स्टुलावर बसलेली होते. तुम्हाला दिसले नसेन.”

“मग तू त्या दिवशी बोलली का नाहीस?”

“मला यादीचाच संशय होता, पण मी तुमचं नाव घेतलं असतं, तर साहेब म्हटले असते आता इंजिनियरवर ढकलते. मी तुमची वाट पाहत होते.” वही उघडत ती म्हणाली, “तुम्ही व्हायरस बोलले.”



तिनं दुसरी खुर्ची ओढली. “आता मला दाखवा. बडे बाबूंना दाखवलं त्याच्या पुढचं.”

दाखवलं. प्रत्येक नाव कोण, ते काय करतं, गेलं तर काय अडतं, आणि नाव कधी बदललं गेलं त्याची नोंद मशीन कशी ठेवतं, हेही. दुसऱ्या ठिकाणचं बोलावणं होतं, तिथे नंतर येतो म्हणून कळवलं. ती वहीत लिहून घेत होती आणि न कळलं तर थांबवत होती. बडे बाबू जेवून आले, आमच्यामागे उभे राहिले आणि जरा वेळानं तेही स्टूल घेऊन बसले.

तेव्हापासून त्या कार्यालयातून लॉगिनसाठी मला बोलावणं आलेलं नाही. मध्ये एकदा ज्योतीचा फोन आला. शेजारच्या एका शाळेत मशीन अडलं होतं, तिथल्या मुख्याध्यापिकेनं तिला बोलावलं होतं आणि ती निघाली होती. मला वाटलं काही विचारायचं असेल. मी म्हणालो, आधी यादी बघ.

“यादी तर बघीनच सर,” ती म्हणाली. “फक्त कळवायला फोन केला. तिथं ज्यानं केलं असेल त्याच्यासमोर मी काय झालं ते खरं सांगणार आहे. तुम्ही नंतर तिथं गेले तर दुसरं काही सांगू नका.”

नाही सांगणार, असं मी तिला म्हणालो.

“ठीक आहे,” ती म्हणाली, आणि तिची बस आली.